वाशिष्ठीकाठची दोन वीजकेंद्रं

एन्रॉनबद्दल मराठीत इतकं लिहून झालंय की आता पुन्हा कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. लाच कुणी घेतली, सही कुणी केली, समुद्रात बुडवायची भाषा करून मग कुणी पोटाशी धरलं, यावर वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरून गेले. पण या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला असं मला नेहमी वाटत आलंय. हा कारखाना नेमकं काय काम करण्यासाठी उभा केला होता? "वीज तयार करण्यासाठी" हे उत्तर पुरेसं नाही. वीज दिवसाच्या कुठल्या तासाला हवी आणि कशावर चालवून हवी, हे ठरवल्याशिवाय वीजकेंद्र बांधणं म्हणजे पाहुणे किती आणि कधी येणार ते न विचारता स्वयंपाकाला बसणं.

आणि गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही. ते रत्नागिरी जिल्ह्यातच, त्याच नदीच्या वरच्या अंगाला आहे.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. सह्याद्रीच्या पायथ्याशी, चिपळूण तालुक्यात पोफळी. घाटमाथ्यावरच्या कोयनेच्या जलाशयाचं पाणी बोगद्यातून साडेचारशे मीटरहून जास्त खाली येतं आणि डोंगराच्या पोटात बसवलेली जनित्रं फिरवतं. काम झालेलं पाणी पुढे वाशिष्ठी नदीला मिळतं. वाशिष्ठी चिपळूणला वळसा घालून खाडी होते आणि समुद्राला मिळते. तिच्या मुखाच्या उत्तरेला दाभोळ, दापोली तालुक्यात. दक्षिणेला अंजनवेल, गुहागर तालुक्यात. अंजनवेलला गोपाळगड आहे, आणि जवळच एन्रॉनचा प्रकल्प. नाव दाभोळचं, जागा मात्र पलीकडच्या तीरावर अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या शिवारात. म्हणजे पोफळीला वीज करून सुटलेलं पाणी शेवटी या प्रकल्पाच्या दारावरूनच समुद्रात जातं. एक नदी, दोन वीजकेंद्रं. आणि दोघांचा स्वभाव अगदी उलटा.

कोयनेपासून सुरुवात करू. पहिला टप्पा १९६२ च्या सुमाराला सुरू झाला, मग दुसरा, मग अलोऱ्याचा तिसरा. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाखालून सुरुंग लावून 'लेक टॅपिंग' केलं. एकट्या या टप्प्याची क्षमता १००० मेगावॉट. सगळं मिळून कोयना १९६० मेगावॉटची झाली.

पण एवढी यंत्रं दिवसरात्र चालतील इतकं पाणी कोयनेत नाही. कृष्णा पाणी तंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाण्याची मर्यादा घातलेली आहे. सगळी जनित्रं वर्षभर अखंड चालवली तर जेवढी वीज होईल, त्याच्या ढोबळमानाने पाचवा-सहावा हिस्साच एवढ्या पाण्यात होते. मग इतकी यंत्रं बसवली कशाला? तर संध्याकाळसाठी. दिवेलागणीला सगळ्या राज्यात एकदम बटणं दाबली जातात, मागणी तासाभरात चढते आणि रात्री दहानंतर उतरते. त्या चार-पाच तासांसाठी झडप उघडली की काही मिनिटांत पूर्ण वीज देणारं केंद्र लागतं, आणि झडप बंद केली की पाणी वाया न जाता धरणातच राहतं. वीजवाल्यांच्या भाषेत हे 'पीक लोड'चं केंद्र. चंद्रपूर, कोराडीसारखी कोळशाची केंद्रं 'बेस लोड'ची. ती संथपणे, रात्रंदिवस, स्वस्तात चालतात आणि त्यांना सारखं थांबवणं-चालवणं सोसत नाही.

आता तेल. जगभर तेलावर चालणारी वीजकेंद्रं कुठे असतात? जिथे दुसरं काही नाही अशा बेटांवर, जिथे तेल स्वतःच्या जमिनीतून निघतं तिथे, नाहीतर मग अडीअडचणीला. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि तेव्हापासून ज्यांना दुसरा पर्याय होता अशा बहुतेक देशांनी तेल जाळून चोवीस तास वीज करणं हळूहळू कमी करत आणलं. आपल्याकडेही टाटांचं ट्रॉम्बेचं ५०० मेगावॉटचं सहावं युनिट तेल आणि गॅसवर चालणारं होतं. मुंबईच्या पाठीशी ते असणं मोलाचं होतं, पण रोज पूर्ण क्षमतेने चालवणं परवडणारं नव्हतं. घरात कंदील असतो तसं. तो असावा, काच पुसून तयार असावा, पण रोजचा उजेड म्हणून कुणी रॉकेल जाळत नाही.

एवढी पार्श्वभूमी लक्षात घेतली की १९९२ साली काय झालं ते नीट दिसतं.

१९९१ मध्ये देशाकडे परकीय चलन जवळजवळ उरलं नव्हतं. त्याला जी कारणं होती त्यातलं एक मोठं कारण आखाती युद्धामुळे वाढलेलं तेलाचं बिल. सोनं गहाण टाकायची पाळी आली. मग उदारीकरण झालं, वीजक्षेत्र खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुलं झालं, भांडवलावर १६ टक्के परताव्याची हमी जाहीर झाली. जून १९९२ मध्ये एन्रॉनचे लोक भारतात आले आणि आठवड्याच्या आत, २० जूनला, राज्य वीज मंडळाबरोबर सामंजस्य करार झालासुद्धा. तेव्हा सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री होते. वीज खरेदीचा खरा करार ८ डिसेंबर १९९३ चा, तेव्हा शरद पवार मुख्यमंत्री होते. कंपनीत ८० टक्के भाग एन्रॉनचा, दहा-दहा टक्के जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेलचा. क्षमता २०१५ मेगावॉट, दोन टप्प्यांत. पहिला टप्पा आयात तेलावर, दुसरा जहाजाने आणलेल्या द्रवरूप नैसर्गिक वायूवर, म्हणजे एलएनजीवर.

म्हणजे तेलाच्या बिलाने ज्यांचं दिवाळं निघता निघता राहिलं होतं, त्यांनी वर्षभरात आयात इंधनावर आणि डॉलरच्या भावावर चालणाऱ्या विजेसाठी वीस वर्षांचा शब्द दिला. आणि तो शब्द कंदिलासाठी नव्हता, रोजच्या उजेडासाठी होता. वर्षातले ९० टक्के तास केंद्र तयार ठेवायचं आणि त्या तयारीचे पैसे मंडळाने द्यायचे, वीज घ्या की न घ्या.

हे कुणाला दिसलंच नाही असं नाही. एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला, आणि त्याचं कारण बरोबर हेच होतं. बेस लोडसाठी हे केंद्र कोळशाच्या तुलनेत महाग आहे, आणि एवढी मोठी क्षमता सामावून घ्यायची तर स्वस्त वीज बाजूला सारावी लागेल. जागतिक बँक काही डावी संघटना नव्हे. तिच्या हिशेबाचा हा निष्कर्ष होता. तो फाइलीत राहिला.

करार समजायला वीज अभियंता असायची गरज नाही. ज्याने घरचं लग्न केलंय त्याला तो कळेल. मंगल कार्यालयाचं भाडं ठरलेलं असतं, हजार माणसं येवोत की तीनशे. जेवणाचा दर पानामागे वेगळा. समजा भाडं लाख रुपये आणि पानाला शंभर. हजार पानं उठली तर भाड्यासकट एक पान दोनशेला पडतं. तीनशेच उठली तर तेच पान चारशे तेहेतीसला. विजेच्या करारातही असेच दोन भाग असतात, स्थिर आकार आणि इंधनाचा आकार. दाभोळच्या करारात फरक एवढाच की भाड्याचा मोठा हिस्सा डॉलरशी बांधलेला, आणि वाढप्याच्या हातातलं तूप जागतिक बाजारातल्या तेलाच्या भावाने येणारं.

पुढची राजकीय गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. १९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन समुद्रात बुडवायची घोषणा गाजली. युतीचं सरकार आलं. गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशींनी प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. नोव्हेंबरात एन्रॉनच्या रिबेका मार्क बाळासाहेब ठाकरेंना भेटल्या, फेरवाटाघाटी झाल्या आणि १९९६ च्या जानेवारीत प्रकल्प परत आला, आधीपेक्षा मोठा होऊन. पहिला टप्पा ७४० मेगावॉट, एकूण २१८४. इंधन बदलून नाफ्ता. मे १९९६ मध्ये वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने जाता जाता केंद्राच्या प्रतिहमीला मंजुरी दिली. अभय मेहता आणि 'सिटू' न्यायालयात गेले, उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली.

या वाटाघाटींत युनिटचा दर कमी करून घेतल्याचा मोठा गाजावाजा झाला. दर कागदावर कमी झाला होता हे खरं. पण तो त्या वेळच्या डॉलरच्या भावाला, त्या वेळच्या इंधनाच्या भावाला आणि केंद्र जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालेल या गृहीतावर. म्हणजे हजार पानं उठतील आणि तूप महागणार नाही, या अटीवर. 'हे केंद्र बेस लोडचं आहे का?' हा मूळ प्रश्न मुंडे समितीनंतरही तसाच राहिला.

मधल्या काळात वेलदूरला काय झालं ते मात्र भराभर सांगून चालणार नाही. तिथल्या कोळी बायकांना मेगावॉटशी देणंघेणं नव्हतं. खाडीत गरम पाणी सोडलं तर मासळीचं काय होईल, गोड्या पाण्याचं काय, जमीन गेली तर पोरांचं काय, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस गावात शिरले. पुरुष मासेमारीला गेलेले. बायकांना घरातून ओढून काढून मारलं, गाडीत कोंबलं. त्यात एक गरोदर बाई होती. अॅम्नेस्टीने त्याच वर्षी आणि ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी १९९९ मध्ये यावर अहवाल काढले. कंपनीच्या बंदोबस्तावरच्या पोलिसांचा खर्च कंपनीच देत होती, हेही त्यात आलं. महाराष्ट्रातल्या एका खाडीकाठच्या गावाचं नाव जगाला कळलं ते असं. एन्रॉनच्या आर्थिक बाजूवर आपण तावातावाने बोलतो, पण ज्यांनी सगळ्यात आधी, काहीही आकडेमोड न करता "हे आम्हाला नको" म्हटलं त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही.

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. कोयनेचं लेक टॅपिंग होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. एकाच जिल्ह्यात, एकाच नदीच्या दोन टोकांना, एकाच वर्षी राज्याच्या पदरात दोन मोठ्या गोष्टी पडल्या. वर संध्याकाळची गरज भागवणारं पाणी, खाली नाफ्ता.

नाफ्ता हा कच्च्या तेलातून निघणारा, पेट्रोलच्या जवळचा हलका भाग. तो गॅस टर्बाइनमध्ये जाळायचा, बाहेर पडणाऱ्या तप्त वायूने वाफ करायची आणि त्या वाफेवर आणखी एक टर्बाइन चालवायचं. यंत्र म्हणून हे अतिशय उत्तम, इंधनाचा थेंब न थेंब वापरणारं. पण थेंबाची किंमत आपल्या हातात नव्हती. १९९८ च्या अखेरीला कच्चं तेल पिंपाला १० डॉलरच्या आसपास होतं, २००० च्या सप्टेंबरात ते ३० च्या वर गेलं. करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांचा होता, २००१ मध्ये ४६ च्या पुढे. वीज महाग झाली म्हणून मंडळाने ती कमी घ्यायला सुरुवात केली. स्वस्त वीज आधी, महाग वीज शेवटी, हा कुठल्याही वीजयंत्रणेचा नियमच आहे. पण कमी घेतली की भाडं कमी पानांवर वाटलं जाऊन युनिट आणखी महाग. आणखी महाग म्हणून आणखी कमी. काही महिन्यांत दर युनिटला सात रुपयांच्याही पुढे गेला.

या सगळ्या इतिहासात मला सर्वात बोलकी वाटते ती २८ जानेवारी २००१ ची घटना. त्या दिवशी मंडळाने दाभोळकडे वीज मागितली. करारानुसार थंड अवस्थेतून तीन तासांत पूर्ण क्षमतेला पोचायला हवं होतं. ते झालं नाही असा मंडळाचा दावा, आणि त्यावरून मंडळाने ४०१ कोटींचा दंड लावला. कंपनीने तो अमान्य केला. भांडण बरोबर कुणाचं हा वकिलांचा विषय. पण मला दिसतं ते वेगळंच. जे केंद्र रात्रंदिवस चालायचं म्हणून घेतलं, त्याच्याकडून आता मंडळ कोयनेचं काम मागत होतं. लागेल तेव्हा चालू हो, नको तेव्हा गप्प बस. म्हणजे महाराष्ट्राची खरी गरज कसली होती ते अनुभवाने मंडळाला कळलं होतं. फक्त पैसे दुसऱ्याच कामाचे चालू होते.

त्यानंतर सगळं वेगाने कोसळलं. थकबाकी, राज्याच्या हमीवर दावा, मग केंद्राच्या प्रतिहमीवर दावा. माधव गोडबोले समितीने एप्रिल २००१ मध्ये करारातल्या चुकांचा पाढा वाचला. २९ मे २००१ ला केंद्र बंद पडलं. दुसरा टप्पा जवळजवळ पूर्ण होत आलेला, तोही तसाच थांबला. २ डिसेंबर २००१ ला अमेरिकेत खुद्द एन्रॉननेच दिवाळखोरी जाहीर केली.

आता दुसरी बाजू. केंद्र बंद केल्याने प्रश्न सुटला असं कुणी समजू नये. पुढची पाच वर्षं ७४० मेगावॉटची तयार यंत्रं समुद्राची खारी हवा खात उभी राहिली, आणि २००५ च्या सुमाराला राज्याच्या ग्रामीण भागात बारा-बारा तास लोडशेडिंग चालू होतं. "महाग का होईना, वीज होती ना!" असं म्हणणारे लोक मूर्ख नव्हते. पंप बंद म्हणून ज्याचं उभं पीक वाळतं त्याला सात रुपयांचं युनिटही स्वस्तच वाटेल. मात्र यावरून प्रकल्प योग्य होता असं ठरत नाही. अडीनडीच्या वेळची वीज अडीनडीच्या वेळीच घेता येईल असा करार हवा होता, एवढंच ठरतं.

जुलै २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली. एनटीपीसी, गेल, बँका आणि राज्य वीज मंडळाची कंपनी असे सगळे त्यात. मे २००६ मध्ये यंत्रं पुन्हा हलली, ती पुन्हा नाफ्त्यावरच, आणि परवडेना म्हणून फार काळ चालली नाहीत. २००७ मध्ये गुजरातेतून वायुवाहिनी आली. २००९ नंतर कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू मिळाला तेव्हा काही काळ बरा गेला, मग तो वायूच आटत गेला आणि २०१३ च्या अखेरीला केंद्र परत ठप्प. २०१५ पासून काही वर्षं रेल्वेला वीज पुरवून त्याने तग धरला. शेजारचा एलएनजी धक्का २०१३ मध्ये सुरू झाला, पण लाटा अडवणारा बांध अपुरा असल्यामुळे बरीच वर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लागत नव्हतं. १९६७ मेगावॉटचं केंद्र, आणि इंधनाची वाट पाहण्यात त्याचं आयुष्य गेलं.

हे एकट्या दाभोळचं दुर्दैव नाही. केरळात कायमकुळमला एनटीपीसीचं नाफ्त्यावरचं केंद्र त्याच काळात उभं राहिलं. तिथे ना एन्रॉन, ना डॉलरच्या हमीचा तसला करार. तरीही महाग म्हणून तेही बहुतेक काळ बसूनच राहिलं. म्हणून मला वाटतं, भ्रष्टाचार झाला की नाही हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी तो पुरेसा नाही. सगळे हात स्वच्छ असते तरी नाफ्त्यावरचा रोजचा उजेड आपल्याला परवडला नसता.

आणि आता काळ कसा उलटलाय बघा. दिवसा सूर्याची वीज भरपूर, सूर्य मावळला की चणचण. २०२४ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने देशातल्या वायूवर चालणाऱ्या केंद्रांना मे-जूनमध्ये तयार राहायचा आदेश काढला. कशासाठी? चोवीस तास चालायला नव्हे, गरज पडली तर हाताशी असायला. म्हणजे तेल-वायूच्या केंद्रांना त्यांचं मूळचं काम, कंदिलाचं काम, तीस वर्षांनी अधिकृतपणे मिळालं. पोफळीची कोयना तर ते काम साठ वर्षं बिनबोभाट करतेच आहे.

आजही रोज नवे करार होताहेत. सौर, पवन, बॅटरी, पाणी वर चढवून साठवायचे प्रकल्प. पंचवीस-पंचवीस वर्षांचे. बातमीत ठळक अक्षरात असतात ते मेगावॉट आणि हजारो कोटींची गुंतवणूक. मी आता असली बातमी वाचली की तीनच गोष्टी शोधतो. ही वीज दिवसाच्या कुठल्या तासाला मिळणार? आपण घेतली नाही तर भाडं किती? आणि इंधनाचा भाव कुणाच्या हातात? बहुतेक वेळा बातमीत यातलं एकही उत्तर नसतं. वेलदूरच्या बायकांसारखं कुणीतरी चौथा प्रश्नही विचारत असतं, ज्यांच्या दारात हे उभं राहणार त्यांचं काय. तेही बातमीत नसतं.

ही उत्तरं सही होण्याआधी मागायची असतात. नंतर समित्या नेमता येतात, पण तोवर भाडं सुरू झालेलं असतं.